सर्वांत मागे राहणारा

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत, तो काळ आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. सदाशिव पेठेत सायकल नसलेले घर विरळा. ज्याच्याकडे नसे त्याला ती कोपऱ्यावरच्या दुकानात तासाच्या भाड्याने मिळे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवले की पोलीसदादा शिट्टी वाजवून उतरवीत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणत, आणि त्या किताबाचे आम्हा मुलांना परीक्षेतील पहिल्या क्रमांकापेक्षा अधिक अप्रूप होते. पुढे स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल जिन्याखाली गेली.

अलीकडे ती पुन्हा रस्त्यावर आली आहे, पण निराळ्या थाटात. रविवारी पहाटे आठ-दहा जणांचे गट हेल्मेट घालून, मागे तांबडा दिवा लावून शहराबाहेर पडताना दिसतात. आपल्या व्यापारी घरांत यांच्याविषयी कौतुक आहे. मात्र ‘हे तरुणांचे आणि वेगाचे काम, आपण गेलो तर त्यांचा खोळंबा होईल’ अशी समजूतही आहे. मी अशा एका गटाबरोबर तीन हिवाळे जात आहे. ही समजूत किती निराधार आहे, हे गेल्या पौषातील एका रविवारी जे पाहिले त्यावरून सांगता येईल.

लक्ष्मी रस्त्यावर कापडाचे दुकान असलेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. वय ५८. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बैठक. सूर्यास्तापूर्वीचे जेवणही डब्यातून दुकानातच. रक्तातील साखर वाढल्यामुळे गोळी सुरू झाली होती. मुलाने हौसेने गिअरची सायकल आणून दिली, ती दोन महिने गॅलरीत उभी. आळस म्हणावे तर हा माणूस पहाटे पाचला उठणारा. कारण त्यांनीच एकदा सांगितले : “साहेब, आजवर माझ्यासाठी कोणाला थांबावे लागले नाही. या वयात परक्या पोरांच्या पायातली बेडी कशाला व्हायचे?” व्यवहारात कोणाची उधारी न ठेवणाऱ्या माणसाला उपकाराचे ओझे किती जड वाटते, हे बँकेत ३५ वर्षे काढलेल्या मला समजावून सांगायला नको.

दुसरी अडचण प्रकृतीची होती. ते चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळतात. जानेवारीच्या आरंभी पुण्यात सूर्य सातच्या थोडे पुढे उगवतो. त्यानंतर ४८ मिनिटे धरली की पाण्याचा पहिला घोट आठच्या सुमारास. म्हणजे आदल्या सायंकाळपासून जवळजवळ १४ तास पोटात अन्न नाही, पाणी नाही. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने अशा अवस्थेत श्रम केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, खिशात साखर ठेवायला सांगितली आणि बजावले की हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम आला, तर तत्काळ उतरायचे व साखर खायची. तेथे नियमाचा विचार करायचा नाही. ते त्यांनी मान्य केले. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या कोणीही हा टप्पा वगळू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

गटाला ही हकीकत कळली तेव्हा कोणी चर्चा केली नाही. एरवी साडेपाचला निघणारी मंडळी त्या रविवारी सव्वासहाला स. प. महाविद्यालयाच्या दारापाशी जमली, आणि नाश्ता आठनंतर, एवढेच ठरले.

थंडी चांगली होती. शेठजी लोकरीची टोपी, मफलर आणि जाड स्वेटर अशा जय्यत तयारीने आले. एका तरुण अभियंत्याने त्यांना सांगितले, “काका, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घामाने भिजाल आणि मग खरी हुडहुडी भरेल.” मफलर चाकात अडकू शकतो म्हणून तो पिशवीत गेला, स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा दुहेरी कागद आला. शर्यतीतील जुन्या सायकलपटूंची ही युक्ती. वारा अडतो आणि खर्च शून्य. मग सीटची उंची पाहिली. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. शेठजींची सीट चार बोटे खाली होती. तशीच चालवली असती तर गुडघे बोलू लागले असते.

दांडेकर पूल ओलांडून आम्ही सिंहगड रस्त्याला लागलो. खडकवासल्याचे धरण पेठेतून सुमारे १५ किलोमीटर. नवख्याला गटाचे नियम वाटेतच शिकवले जातात. पुढचा माणूस हाताने खड्डा दाखवतो, तीच खूण आपण मागच्याला द्यायची. अचानक ब्रेक दाबायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही न्यायचे नाही, कारण तो किंचित वळला तरी पडतो तो मागचा. शर्यतपटू एकमेकांना चिकटून जातात ते हवेचा विरोध टाळण्यासाठी. ताशी १५ किलोमीटरच्या वेगात समोरून वारा नसेल तर त्याचा लाभ अल्प आणि धोका मात्र पुरता. नवख्याने दोन सायकलींचे अंतर राखावे.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच पद्धत. गटातला सर्वांत तयारीचा सायकलस्वार पुढे नसतो, तो सर्वांत मागे असतो. १३ तास ३० मिनिटांच्या मुदतीत २०० किलोमीटर पुरे करणारी एक मुलगी त्या दिवशी शेठजींच्या मागे होती. किरकटवाडीच्या पुढे ते दमले, तेव्हा तिने फक्त गिअर हलका करायला सांगितले : पाय जोरात दाबू नका, भरभर फिरवा. धरणाच्या अलीकडच्या चढावर ते खाली उतरले आणि चालू लागले. तीही उतरली आणि चालू लागली. त्यांनी “तू पुढे हो, बेटा” असे दोनदा म्हटले. ती म्हणाली, “काका, आज माझी जागा शेवटची आहे. तुम्ही माझ्यामागे राहिलात तर माझे काम चुकेल.” यावर शेठजींपाशी उत्तर नव्हते.

वर पाण्यावर धुके होते. माझ्या वयाच्या पुणेकराला तेथे १२ जुलै १९६१ आठवल्यावाचून राहत नाही. पानशेत फुटले आणि त्याच्या लोंढ्याने हेही धरण फुटले. तरुण मंडळींना ती कथा सांगितली, तेवढ्यात आठ वाजून गेले. शेठजींनी घरून आणलेले उकळलेले पाणी सावकाश घेतले. टपरीवाल्याने कांदा-बटाट्याविना पोहे वेगळे परतून दिले. त्याचे पैसे सर्वांचे मीच देतो, असा त्यांचा हट्ट होता. गटाने तो मोडून काढला. येथे ज्याचे त्याने द्यायचे असते.

परतीची वाट उताराची, पण नऊनंतर रहदारी वाढते, म्हणून एकामागून एक अशी रांग धरून आलो. दांडेकर पुलावर पांगताना शेठजींनी एकूण अंतर विचारले. तीस म्हटल्यावर क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, “घरी मी दहाच सांगितले आहेत. तेवढे सांभाळून घ्या.” हा मजकूर त्यांच्या संमतीने लिहिला आहे, वहिनींना खरा आकडा आता ठाऊक आहे.