रोजा, आतडे आणि इफ्तारचे ताट

रमजान आला की मोबाईलवर एक संदेश हमखास फिरतो: रोजाचे फायदे शोधणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले. हे खरे नाही. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते पेशी आपले जुने, मोडके भाग मोडून पुन्हा कसे वापरते, हे उलगडल्याबद्दल. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. त्यांचे मूळ प्रयोग उपाशी ठेवलेल्या यीस्टवर झाले, रोजेदारांवर नव्हे. इबादतीला अशा उसन्या दाखल्याची गरज नाही. मात्र यामागचे खरे विज्ञान रोजेदाराच्या नक्कीच उपयोगाचे आहे.

पेशीला अन्नाची खबर रासायनिक इशाऱ्यांतून मिळते. जेवण झाले, इन्सुलिन वाढले की एमटॉर नावाचे प्रथिन बांधकामाचा हुकूम देते. अन्न थांबले, ऊर्जा कमी पडू लागली की एएमपीके हे दुसरे प्रथिन जागे होते. मग बांधकाम मंदावते, यकृतातला साखरेचा साठा खर्च होतो, शरीर हळूहळू चरबीकडे वळते आणि आवराआवरीला वाव मिळतो. शरीराला दोन्ही इशारे हवेत. नुसत्या बांधकामावर घर चालत नाही, तसे नुसत्या झाडलोटीवरही चालत नाही.

आतड्यातही हेच. रिकाम्या पोटी दर दीड-दोन तासांनी स्नायूंची एक लाट जठरापासून लहान आतड्यात उतरते आणि उरलेसुरले कण, जिवाणू पुढे ढकलते. सतत काही ना काही खात राहिले तर ही लाट उठत नाही. आतड्याचे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते आणि दर चार-पाच दिवसांनी नवे होते. त्याच्या मागे रोगप्रतिकारक पेशींची मोठी छावणी असते. अस्तर शाबूत असले तर ही छावणी शांत राहते.

अस्तराची खरी रसद जिवाणूंकडून येते. डाळी, भाज्या, फळे, भरड धान्ये यांतला चोथा माणसाला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात. तिथल्या पेशींचे हे मुख्य इंधन आहे. शिवाय प्रतिकारक पेशींना संयम शिकवणारा इशाराही तेच देते. चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू अस्तरावरचा संरक्षक थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे.

म्हणजे रोजाने आतड्याचे काय भले होणार, हे मगरिबच्या अजाननंतर ताटात काय येते यावरही ठरते. दिवसभराचा संयम आणि मग भजी, समोसे, मैदा, रंगीत शरबत, मध्यरात्रीपर्यंत मोहम्मद अली रोडवरचा मालपुआ, यात जिवाणूंच्या वाट्याला काय उरते? खजूर, पाणी, उकडलेले चणे, फळे, दही आणि नंतर डाळ-भाकरीचे साधे जेवण, एवढे बहुतेक घरांना परवडते. खा, प्या, पण अतिरेक करू नका, ही कुरआनची शिकवण रमजानच्या रात्रींनाही लागू आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. इन्सुलिन घेणारे कितीतरी रुग्ण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रोजा धरतात आणि घरच्यांपासून चक्कर लपवतात. निरोगी शरीराला झेपणारी उपासमार त्यांच्यासाठी घातक ठरू शकते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनीही सांगितले आहे. आजाऱ्याला कुरआननेच रुखसत दिली आहे: बरे झाल्यावर कजा करावी, कायम असमर्थ असेल त्याने फिदया द्यावा. ही सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे.

रोजा तकव्यासाठी आहे, वजन उतरवण्यासाठी नाही. पण शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि तिची राखण करणे हाही तकव्याचाच भाग आहे. म्हणून यंदा इफ्तारच्या दस्तरखानावर तळणाची एक थाळी कमी करावी. आणि घरातल्या आजारी वडिलांनी रोजा न ठेवण्याचा निर्णय घेतला, तर त्यांना दुपारचे जेवण मान खाली न घालता जेवू द्यावे.