परवाना देण्याचीही कारणे हवीत

शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे की शासनाने पारखून दिलेली परवानगी आहे, हा वाद अमेरिकेतील गोळीबारांच्या बातम्यांबरोबर मराठी वाचकांपर्यंत येतो आणि त्या बातम्यांबरोबरच विरून जातो. मात्र लातूर जिल्ह्याच्या उत्तर भागात असलेल्या रेणापूर तालुक्याला हा वाद परका मानता येणार नाही, कारण या तालुक्याची शीव जेथे संपते तेथून बीड जिल्हा सुरू होतो, आणि शस्त्र परवान्यांचा गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठा वाद त्याच जिल्ह्यात उभा राहिला. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने होते, तर शेजारच्या परभणी जिल्ह्यात अवघे 32. हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती त्याच काळात समाजमाध्यमांवर फिरल्या, प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले. सरपंचांची हत्या बंदुकीने झाली नव्हती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. परंतु कमरेला लटकणाऱ्या परवानाधारक पिस्तुलाने ज्या दहशतीला प्रतिष्ठा मिळवून दिली होती, त्या दहशतीचा आणि या परवान्यांचा संबंध लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 ने नागरिकांना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेशी तुलना करून, शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेने कोणालाही दिलेला नाही, याची आठवण करून दिली. मात्र ही भूमिका आपसूक आलेली नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रजेला परवान्याच्या जाचात टाकले आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली, तेव्हापासून तो कायदा राष्ट्रीय चळवळीला सलत होता, इतका की 1931 च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही काँग्रेसने नोंदवला होता. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला, कारण सरसकट प्रत्येकाला असा हक्क देणे त्यांना धोक्याचे वाटत होते, आणि ती दुरुस्ती फेटाळली गेली.

ही चर्चा दिल्लीत चालू होती तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला तीन महिनेही झाले नव्हते, आणि शस्त्रहक्काच्या बाजूने करता येण्यासारखा सर्वांत बळकट युक्तिवाद त्या वेळी मराठवाड्याच्या पाठीवरील वळांतच दिसत होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. निजामाच्या राजवटीच्या आशीर्वादाने त्याचे सशस्त्र दल गावोगाव फिरत होते आणि त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या हाती बहुधा लाठी, गोफण किंवा कुऱ्हाड याखेरीज काही नव्हते. संस्थानासाठी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांनी शस्त्रे आणली, तर दुसरीकडे निजामाविरुद्ध सरहद्दीवरील छावण्यांतून लढणाऱ्या कार्यकर्त्यांना पैसा आणि हत्यारे मिळवण्यासाठी उमरी बँकेच्या लुटीसारख्या धाडसाचा आधार घ्यावा लागला. जुलमी सत्तेपुढे निःशस्त्र प्रजा असहाय होते, या अमेरिकी शस्त्रवाद्यांच्या म्हणण्याला याहून जवळचा दाखला शोधूनही सापडणार नाही, आणि ज्या घरांनी तो काळ सोसला त्यांच्यासमोर हा युक्तिवाद हसून उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तरीही त्या इतिहासाचे पुढचे पानही वाचावे लागते. 17 सप्टेंबर 1948 नंतर, रझाकारांचा बीमोड झाल्यावर, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा (ज्यात आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग येत होता), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा येथे रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेल्या मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला, आणि केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याची नोंद केली. शस्त्र आणि जमावाचे बळ ज्याच्या बाजूला होते तो पक्ष काही दिवसांत बदलला, परंतु मरणारा माणूस दोन्ही वेळा दुबळाच होता. खासगी हातातील शस्त्र समाजात समान वाटले जात नाही, ते पैसा, जात, जमाव आणि सत्तेशी जवळीक यांच्या वाटेनेच जाते. निजामी मराठवाड्याने हा धडा दोनदा घेतला, आणि म्हणून येथे शस्त्रबंदीची भाषा परकीय सत्तेची उसनी भाषा राहत नाही.

आज लागू असलेला 1959 चा शस्त्र कायदा वाचला की त्याची शब्दयोजना कमकुवत नाही, हे लक्षात येते. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या, आत पेच नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासावी लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीला, त्याने तुलनेने मोकळी वाट ठेवली आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसारख्या हत्यारासाठी मात्र अर्जदाराजवळ सबळ कारण आहे, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची, म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्याची, खात्री पटावी लागते आणि त्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कोणाचा अर्ज फेटाळता येणार नाही, असेही कायदा बजावतो, आणि हे कलम वाचून सामान्य शेतकऱ्याला हसू आवरणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि लग्नात, मिरवणुकीत हर्षाने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

कायद्यातील खरी उणीव वेगळ्याच ठिकाणी आहे. परवाना नाकारताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि ज्याला नकार मिळाला त्याला वरिष्ठांकडे अपील करता येते, परंतु परवाना देताना तशी कारणे नोंदवून लोकांसमोर ठेवण्याचे बंधन नाही, आणि ज्या गावाला त्या पिस्तुलाशेजारी राहायचे आहे त्याला अपिलाची कोणतीही वाट नाही. नकार दिला तर वरून फोन येतो, अपील होते, कागद लिहावा लागतो. होकार दिला तर फाइल बंद होते. अशा रचनेत अधिकारी कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बीडमधील बाराशे आणि परभणीतील बत्तीस परवान्यांतील अंतराचे उत्तर दोन जिल्ह्यांतील गुन्हेगारीत शोधण्यापेक्षा या रचनेत आणि तिच्यावर दाब आणणाऱ्या शिफारशींत शोधणे अधिक योग्य आहे.

परवानाधारक म्हणजे सज्जन, गुन्हेगार म्हणजे गावठी कट्टेवाला, ही सोयीची विभागणी महाराष्ट्रातच फोल ठरली आहे. फेब्रुवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात उल्हासनगरमध्ये एका आमदाराने थेट पोलीस ठाण्यात प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या त्या परवानाधारक शस्त्रातून, आणि काही दिवसांतच दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा बळी घेणारे पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. एप्रिल 2025 मध्ये लातूर महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी आपल्याच शस्त्रातून स्वतःवर गोळी झाडून घेतल्याची घटना या जिल्ह्याने पाहिली. निराशेचा क्षण सरून जाऊ शकतो, घरातील भरलेले पिस्तूल मात्र तेवढा अवकाश देत नाही, आणि शस्त्राला संरक्षण मानणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने याचा विचार करायला हवा.

बेकायदा शस्त्रांचा प्रश्न अर्थातच स्वतंत्र आणि गंभीर आहे. महाराष्ट्राच्या सीमेवरील मध्य प्रदेशातील उमर्टीसारख्या गावांत तयार होणारे कट्टे राज्यभर पोहोचतात, आणि एप्रिल 2022 मध्ये नांदेडमध्ये दुचाकीवरून आलेल्यांनी एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या, तेव्हा मराठवाड्याला खंडणी आणि बंदूक यांचे नाते पुरते कळले. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये विनापरवाना शस्त्रांना आळा घालण्यासाठी प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यास सांगितले, ते योग्यच झाले. पण कट्ट्यांवरील कारवाई हे परवान्यांची खैरात झाकण्याचे निमित्त होता कामा नये.

या चर्चेत शेतकऱ्याचे नाव हमखास पुढे केले जाते. हरणांचे कळप आणि रानडुकरे पिकाची नासाडी करतात, रात्र रात्र जागल करावी लागते, हे खरेच आहे. परंतु काळवीट हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे आणि त्याच्यावर गोळी झाडण्याची मुभा कोणताही शस्त्र परवाना देत नाही. त्या शेतकऱ्याला हवे आहे ते कुंपण, वेळेवर पंचनामा आणि वन विभागाची भरपाई. त्याच्या अडचणीच्या आडून पिस्तुलाचे परवाने मागणाऱ्यांच्या कमरेला लटकणारे हत्यार शेताच्या बांधावर कधी दिसत नाही, ते दिसते चारचाकीच्या काचेआड, सत्काराच्या मंचावर आणि वाळूच्या ठेक्यावर.

म्हणून लातूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी बीडसारखा प्रसंग येण्याची वाट न पाहता तालुकानिहाय चालू परवान्यांची संख्या आणि ते कोणत्या प्रकारच्या कारणासाठी दिले गेले याची माहिती, परवानाधारकांची नावे उघड न करता, प्रसिद्ध करावी आणि रेणापूर तालुक्यापासून त्याची सुरुवात करावी. ज्यांच्यावर गंभीर गुन्हे दाखल आहेत त्यांची शस्त्रे निवडणुकीच्या आचारसंहितेपुरती ठाण्यात जमा करून घेणे पुरेसे नाही, कलम 17 खालील निलंबनाचा आणि परवाना रद्द करण्याचा अधिकार त्यासाठीच आहे आणि तो नूतनीकरणाच्या वेळी तरी वापरला गेला पाहिजे. परवाना देणारा आदेशही कारणांसह लेखी असावा, अशी दुरुस्ती विधिमंडळाने ठराव करून केंद्राकडे मागावी, आणि शिफारसपत्रे लिहिणाऱ्या लोकप्रतिनिधींनी त्या ठरावावर आपली भूमिका सभागृहात जाहीर करावी.