ऑगस्टची सहल जूनमध्ये

मंडळाची वर्षासहल यंदा ऑगस्टऐवजी जूनच्या पहिल्या शनिवारी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला न्यावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला : "जूनच्या सुरुवातीला धबधब्याला पाणी तरी असतं का?" विचारणाऱ्याचं बालपण पुण्यात गेलंय. लोणावळा, आंबोली, ठोसेघर. धबधबा पाहायचा तो आषाढ-श्रावणात, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे.

इथाकाचं गणित उलटं. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, वर वसंतातला पाऊस, आणि झाडांना पालवी फुटलेली नसल्यामुळे जमिनीतलं पाणी ओढून घेणारं कोणी नसतं. सगळं ओढ्यांना मिळतं. पुढे रान हिरवंगार झालं की ओढे रोडावतात. आणि आपण नेमके ऑगस्टमध्ये देशातून आलेल्या आईबाबांना टॉगॅनॉक धबधब्यासमोर उभं करतो. २१५ फुटांच्या कड्यावरून एखादी धार ठिबकत असते आणि बाबा विचारतात, "हाच का तो नायगऱ्याहून उंच?" उंच आहेच, चांगला तीन मजल्यांनी. तारीख आपली चुकली.

मग एप्रिलमध्येच का नको? कारण इथला दगड. सह्याद्रीचा काळा कातळ नव्हे. हा समुद्रतळाच्या चिखलाचा झालेला, पापुद्र्यांचा शेल. हिवाळ्यात त्याच्या भेगांत पाणी गोठून फुगतं आणि कपच्या सुट्या होतात. म्हणून घळींतल्या बहुतेक पायवाटा हिवाळाभर बंद असतात. सैल दगड पाडून, वाट साफ करून त्या साधारण मेच्या मध्यावर उघडतात. मेअखेरीस कॉर्नेल विद्यापीठाचा पदवीदान समारंभ; त्या दिवसांत हॉटेलचे दर विचारू नयेत. उरला जूनचा पहिला शनिवार.

एका गावाभोवती इतके धबधबे, ही हिमनद्यांची करणी. त्यांनी कायुगा तलावाची दरी इतकी खोल खरवडली की ४३५ फूट खोल तलावाचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेला. बाजूचे ओढे मात्र वरच लटकत राहिले आणि तलाव गाठायला त्यांना उड्या माराव्या लागल्या. टॉगॅनॉकच्या पात्रात पाणी कमी असेल तेव्हा खाली नीट पाहा. दगडाला पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ भेगा दिसतील. ओढा त्याच भेगा धरून दगड फोडत मागे सरकतो. टॉगॅनॉकच्या घळीतून धबधब्यापर्यंत जाणारी वाट सपाट आहे, जेमतेम सव्वा किलोमीटर. साडी आणि कॅनव्हासचे बूट घालून आजी सहज जातील. गुडघे कुरकुरत असतील त्यांच्यासाठी वरच्या रस्त्यालगत सज्जा आहे.

चालणाऱ्यांसाठी रॉबर्ट ट्रीमन उद्यान. ट्रीमन दांपत्याने ही जमीन १९२० मध्ये राज्याला दिली. लूसिफर धबधब्याशेजारून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या मला धबधब्याइतक्याच आवडतात. मंदीच्या काळात सरकारी योजनेत कामाला लागलेल्या तरुणांनी इथली बरीच बांधकामं केली, १९३५ च्या पुराने त्यांची वाताहत केली, आणि ती पुन्हा उभी राहिली. कठडा कुठे संपतो आणि कडा कुठे सुरू होतो, हे पटकन कळत नाही.

आता थोडं कडू. धारेखाली उभं राहिल्याशिवाय आपल्याला धबधबा पाहिल्यासारखा वाटत नाही. इथे तसं करायचं नाही. या घळींत तरुण मुलं बुडून गेली आहेत. वरून शांत दिसणाऱ्या डोहाखाली ओढ असते. पोहायचंच असेल तर ट्रीमनमध्ये खालच्या धबधब्याच्या डोहात, जीवरक्षक हजर असतील तेव्हाच. जूनच्या सुरुवातीला ते बहुधा नसतात, म्हणून पोहण्याचे कपडे घरीच ठेवा. 'फक्त एक फोटो' म्हणून कठडा ओलांडणाऱ्या काकांनाही हाच नियम, मग ते मंडळाचे माजी अध्यक्ष का असेनात.

आणखी एक. आजवरच्या सहलींत शेड मिळवायची, बटाटेवडे तळायचे, अंताक्षरी संपेपर्यंत पाच वाजवायचे आणि धबधबा परतताना गाडीतून 'दिसला' म्हणायचं, असंच होत आलं आहे. यंदा आधी चालणं, मग वडे. तळणाऱ्यांची पाळी लावू, म्हणजे तेही वर येतील. वाहनतळाची पावती जपून ठेवा. त्याच दिवशी दुसऱ्या राज्य उद्यानात ती चालते, त्यामुळे ट्रीमनहून बटरमिल्क धबधबा आणि संध्याकाळी टॉगॅनॉक, असं एकाच पैशांत जमतं. किती गाड्या आणि किती वडे, ते या महिनाअखेरपर्यंत कळवा.