दोन घरचे शब्द

बीएडच्या वर्षी आमच्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण आता उलव्याला राहते. "कधी येताय?" असं तिनं विचारायचं आणि "येतो, येतो" असं आम्ही म्हणायचं, यात दोन वर्षं गेली. शेवटी परवाच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही नेरुळहून उरणची गाडी धरली. ही गाडी २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचली. खारकोपरला मैत्रीण रिक्षा घेऊन हजर होती. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली गेली. आता उंच दिसतात त्या इमारती. त्यातल्याच एकीत बाराव्या मजल्यावर तिचं घर. घरात नवराबायको, सातवीतली लेक आणि गावाहून आलेली सासू. त्यांना सगळे दादी म्हणतात, म्हणून आम्हीही दादीच म्हणालो.

सलाम-दुआ झाली, चहा झाला. मास्तरकी काही सुट्टीच्या दिवशी सुटत नाही. लेकीचा मराठीचा निबंध टेबलावर होता, तो आम्ही उचलला. अक्षर सुरेख, पण खाडाखोड फार. 'परवानगी' खोडून 'अनुमती', 'मदत' खोडून 'साहाय्य', 'फक्त' खोडून 'केवळ'.

"मूळचे शब्द काय वाईट होते गं?" आम्ही विचारलं.

पोरगी गप्प. मैत्रीण आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "वर्गातली एक मुलगी तिला म्हणाली, तू उर्दूवाली, तुझ्या मराठीत उर्दू येणारच. तेव्हापासून एकेक शब्द धुऊन काढतेय. दादींनाही टोकते. त्या बिचाऱ्या आता तिच्याशी कमीच बोलतात."

ऐकून वाईट वाटलं. पण सातवीच्या मुलांना व्याख्यान दिलं तर ती खिडकीबाहेर बघतात, हे वीस वर्षांत शिकलोय. मैत्रिणीला म्हटलं, "आपला जुना खेळ काढू या."

त्या खेळाची गोष्ट अशी. अमीर खुसरोंच्या नावावर पहेल्यांबरोबर 'दो-सुखने'ही सांगितले जातात. प्रश्न दोन आणि उत्तराचा शब्द एकच. बीएडच्या वर्षी ग्रंथालयात आम्हाला माधवराव पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' सापडला होता. पटवर्धन म्हणजे कवी माधव ज्यूलियन, मराठीत गझल रुजवणारे. १९२५ सालचा हा कोश चाळता चाळता आम्ही दोघींनी आमचे दो-सुखने रचायला घेतले. एक प्रश्न उर्दूच्या घरचा, दुसरा मराठीच्या.

इशाची नमाज झाली, दस्तरखान उचललं आणि मैत्रिणीनं सुरुवात केली. "उर्दूत त्यात साहेब बसतात, मराठीत ते मुलांच्या पाठीवर बसतं."

लेकीनं मान वर केली. "दप्तर?"

"उर्दूत तिनं डोकं तयार होतं, मराठीत दंड."

याला वेळ लागला. उत्तर तालीम. उर्दूत शिक्षण, मराठीत पैलवानांचा आखाडा. मग आम्ही आमचा आवडता टाकला. "उर्दूत शाळेत येताना होतो, मराठीत शाळा सोडताना मिळतो." दाखला! पोरगी खदखदून हसली. मग 'फाजील' आला. उर्दूत तो विद्वान, मराठीत त्याचे लाड झालेले. त्यामागून 'खुलासा' आला. उर्दूच्या तासाला तो सारांश असतो. मराठीत मुख्याध्यापकांनी मागितला तर झोप उडते. (हे अनुभवानं सांगतोय.)

इतका वेळ दादी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात शेतकरी रब्बी म्हणतात आणि मौलवीसाहेब रबीउल अव्वल म्हणतात. ही रबी एकच का?"

एकच. अरबीत रबी म्हणजे वसंत आणि खरीफ म्हणजे शरद. जे पीक शरदात हाती येतं ते खरीप, वसंतात येतं ते रब्बी. "मग रबीउल अव्वल मागच्या काही वर्षांत पावसाळ्यात कसा आला?" लेकीनं लगेच पकडलं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून आपले महिने सगळ्या ऋतूंतून फिरतात. नाव मात्र वसंताचंच राहतं.

आता आम्ही निबंध मागवला. "यात तू उर्दू म्हणून काय काय खोडलंस ते पाहिलं. खुर्ची का नाही खोडलीस?"

"खुर्ची तर मराठी आहे."

"आयतुल कुर्सी पाठ आहे ना?"

ती मनातल्या मनात पुटपुटली आणि एकदम थांबली. मग स्वतःच मोजू लागली. कागद, शाई, हजेरी, तारीख, मैदान. "खाला, हे सगळे काढले तर शाळेत उरतं काय?" आम्ही म्हटलं, "फळा उरतो आणि खडू." दादी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

रविवारी सकाळी निबंधाची नवी प्रत तयार होती. 'परवानगी' आणि 'फक्त' परत आले होते. 'साहाय्य' मात्र तसंच. "तो मला आवडला," असं ती म्हणाली. आम्हीही हरकत घेतली नाही. तोही आपलाच शब्द आहे. त्या वर्गमैत्रिणीला ती खेळ शिकवणार होती. शिकवला की नाही, कळलं नाही.

निघताना दादी आणि नात दोघी दारात आल्या. दोघींनी रात्री मिळून एक नवा दो-सुखना रचला होता. दादी म्हणाल्या, "उर्दूच्या घरी ते नाव आहे, मराठीच्या घरी ज्याचं नाव माहीत नाही असा माणूस."

खारकोपर गेलं, बामणडोंगरी गेलं. नेरुळ येईतो डोकं खाजवत होतो, तेव्हा कुठे सुटलं. वाचकहो, तुम्हीही घरात सगळ्यांना विचारून पाहा. उत्तर पुढच्या अंकात.