पाच पाने मध्ये, दोन हातात

दिवाळीत पत्त्यांचा कॅट बाहेर निघत नाही, असे घर निदान आमच्या कोल्हापुरात तरी माझ्या पाहण्यात नाही. फराळाच्या बश्या उचलल्या, सतरंजी अंथरली, की मुलांचे झब्बू नि गुलामचोर, मधल्या वयाच्यांचे मेंढीकोट आणि वडीलधाऱ्यांची रमी अशी वाटणी आपोआप होते. शास्त्रालाही याचे वावडे नसावे. पाडव्याच्या दिवसाला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, ‘द्यूतप्रतिपदा’ असे नावच आहे. ‘तीन पानी’ हा शब्द मात्र आमच्याकडे उच्चारायचा नाही. वर्तमानपत्रात तो नेहमी ‘छापा’ या शब्दाच्या शेजारीच बसलेला असतो.

गेली काही वर्षे या सतरंजीवर एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. पुण्या-बंगळूरला नोकरीला असलेली मुले सुटीत घरी येतात आणि म्हणतात, “पोकर खेळू या.” आईबापांना वाटते, हे तीन पानीचेच साहेबी नाव. ते सर्वस्वी खरे नाही आणि सर्वस्वी खोटेही नाही. मुलगा काय खेळतो हे ठाऊक असल्याखेरीज त्याच्याशी वादही घालता येत नाही; म्हणून यंदा या सदरात नियमच सांगतो. पोकरचे प्रकार पुष्कळ आहेत. मुले खेळतात तो बहुधा ‘टेक्सास होल्डेम’.

जोकर काढलेला ५२ पानांचा कॅट घ्यावा, नि प्रत्येकाला मोजून १०० चिंचोके द्यावेत. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेल्याने एक चिंचोका आणि त्याच्या पलीकडच्याने दोन, पाने पाहण्यापूर्वीच मध्ये टाकायचे. यांना ‘ब्लाइंड’ म्हणतात. तीन पानी जाणणाऱ्यांनी येथे गोंधळू नये. तिथे ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता खेळण्याची ऐट, इथे ती सक्तीची वर्गणी आहे. वाटप दर डावाला एकेक घर डावीकडे सरकते, त्यामुळे वर्गणी कोणालाच चुकत नाही.

मग प्रत्येकाला दोन पाने पालथी. ती ज्याची त्यानेच पाहायची. आता बोली सुरू होते. आपली पाळी आली की लावलेल्याइतके लावावे, वाढवावे, किंवा पाने टाकून डावातून उठावे. कोणी काही लावलेलेच नसेल तर नुसते ‘चेक’ म्हणून पुढच्याकडे पाहावे. उरलेल्या सर्वांचे सारखे पडले की फेरी संपली. यानंतर मध्ये तीन पाने उताणी मांडतात आणि बोलीची दुसरी फेरी होते. मग चौथे पान, पुन्हा बोली. मग पाचवे, पुन्हा बोली. मधली पाने सगळ्यांची. हातातली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची उत्तम पाच बनतील त्याने मधली रास उचलावी. हातातली दोन्ही वापरा, एक वापरा, अथवा एकही वापरू नका. बरोबरी झाली तर रास वाटून घ्यायची.

उत्तम कोणती? चढत्या क्रमाने: नुसते मोठे पान, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, ओळीने पाच, एकाच जातीची पाच, तीन सारखी अधिक एक जोडी, चार सारखी, आणि सर्वांच्या वर एकाच जातीची ओळीने पाच. तीन पानीत ओळ ही जातीपेक्षा वरचढ असते, इथे उलट आहे. पुष्कळांना हा लहरीपणा वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत ओळीचे १०,२०० आणि एका जातीचे ५,१०८. दुर्मीळ ते वरचढ. तीन पानांचे हात अवघे २२,१००. त्यांत ओळीचे ७२० नि एका जातीचे १,०९६. म्हणून तिथे ओळ वर. गंमत अशी, की तीन सारखी पाने येण्याचे ५२ प्रकार असून ती जातीच्या ओळीच्या ४८ प्रकारांवर मात करतात. म्हणजे तीन पानीचे शास्त्र स्वतःच्या हिशेबाला पूर्ण जागत नाही.

एक डाव मांडून पाहू. मध्ये बदामची सत्ती, बदामची राणी आणि इस्पिकची सत्ती आली. ताईच्या हाती बदामचा एक्का नि नव्वी. वहिनीच्या हाती चौकटची नि किलवरची राणी. ताईला आणखी एकच बदाम हवे. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेत, म्हणजे पुढच्या दोन पानांत एखादे येण्याचा संभव शेकडा ३५. किलवरची दुर्री येते, शेवटी बदामची चव्वी येते, ताई हर्षभराने रास वाढवते, आणि वहिनी शांतपणे तीन राण्या नि दोन सत्त्या मांडते. तिचे घर दुसऱ्या फेरीलाच बांधून झाले होते.

आमच्याकडे पहिल्या रात्री खेळ रंगला नाही. चिंचोके फुकटचे, कोणी पाने टाकीना, सगळे शेवटच्या पानापर्यंत ठाण मांडून. दुसऱ्या रात्री ठरले, की ज्याचे चिंचोके संपतील त्याने सगळ्यांच्या फराळाच्या बश्या घासायच्या. लगेच दुर्री-अठ्ठी हाती आलेले गृहस्थ निमूटपणे पाने टाकू लागले. गमावण्यासारखे काही असल्याशिवाय या खेळात हूल द्यायला आणि ओळखायला अर्थ राहत नाही. पण ते काहीतरी म्हणजे पैसाच असला पाहिजे, असे कोठे आहे?

पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, हे नशीब नाही, कौशल्य आहे.” मी म्हटले, “दोन्ही आहे.” १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पानांच्या खेळाला तो मान नाकारला, तेव्हापासून हा वाद रंगला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने मोबाइलवर पैशाने खेळवण्याच्या खेळांपुरता तो निकालात काढला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावायचे नाहीत. गोव्यात १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवरच्या जुगाराला वाट मिळाली, आणि मांडवीतल्या त्या बोटींकडे जाणाऱ्यांत आमच्याकडची गाडीभर पोरेही असतात.

भाच्याला मी कायदा सांगितला नाही, ‘नाल’ सांगितली. अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, तिला आपल्याकडे नाल म्हणतात. मोबाइलवाले नि बोटवाले तिला दुसरे नाव देतात इतकेच. सतरंजीवर सहा जणांचे ६०० चिंचोके पहाटेपर्यंत ६००च राहतात. अड्ड्यावर शंभराच्या राशीतून पाच जरी काढले, तर साठ डावांत ६०० तले ३०० मालकाच्या पेटीत. तुझे कौशल्य उरलेल्या निम्म्यातून जिंकायचे, तेही समोरचे तुझ्याहून कच्चे असतील तर. भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तिथे सगळ्यांनाच आपण पक्के वाटतो.” “म्हणून तर पेटी भरते,” मी म्हटले.

एक नियम राहिला. बाकीच्या सगळ्यांनी पाने टाकली, तर उरलेल्याने पाने न दाखवताच रास उचलायची असते. आमच्या आत्याबाईंचे वय ७८. परवा शेवटच्या डावाला त्यांनी चष्मा पुसला आणि सगळेच्या सगळे चिंचोके पुढे सारले. भाच्यासकट आम्ही पाच जण उठलो. हाती काय होते, असे मी चार वेळा विचारले. त्या नुसत्या हसून चिंचोके डब्यात भरत होत्या.