नायगाराच्या वाटेवरचे बफेलो

आईवडील भारतातून आले की आपण त्यांना नायगारा दाखवायला नेतोच. धपाट्यांचा डबा, गाडीत भीमसेन, आणि धबधब्याच्या थोडे अलीकडे बफेलो. तिथे गॅस भरायचा आणि पुढे निघायचे, एवढाच आपला त्या गावाशी संबंध.

त्या बफेलोत १९२५ साली एका आयरिश कॅथलिक कुटुंबात जॉन मॅकनील जन्मले. मी या सदरात एरवी साबण, हळद आणि नळाचे पाणी यांवर लिहिते. या वेळी मॅकनील यांच्यावर लिहिते आहे, कारण मंडळातल्या एका आईने मला विचारले, "मुलगा म्हणतो मी गे आहे. ते लपवणार नाही म्हणतो, आणि चर्चही सोडणार नाही म्हणतो. दोन्ही कसे जमायचे गं?" त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. कुटुंब कोणते, याचा शोध कृपया कोणी घेत बसू नये. आपल्यात वसईकडची, मुंबईची, गोव्याची कॅथलिक घरे आहेत. आणि प्रश्न काही फक्त त्यांचा नाही.

मॅकनील चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. घरात मिस्सा, रोझरी, शुक्रवारी मांस वर्ज्य, सगळे काटेकोर. आपले मन मुलांकडे ओढ घेते हे कळू लागले तेव्हा त्याचा अर्थही धर्माने आधीच ठरवून ठेवलेला होता : महापाप, आणि पुढे नरक. अशा मुलाला देव बापासारखा वाटत नाही, पोलिसासारखा वाटतो.

सतराव्या वर्षी ते सैन्यात गेले. १९४४ मध्ये युरोपात जर्मनांच्या हाती सापडले, युद्धकैदी झाले. उपासमार. एका ठिकाणी जनावरांसाठी खाणे शिजवणाऱ्या वेठबिगार मजुराने पहारेकऱ्याची नजर चुकवून त्यांच्याकडे एक बटाटा फेकला. पकडला गेला असता तर त्याच्या जिवावर बेतले असते. मॅकनील यांनी खुणेने आभार मानले, तेव्हा त्याने उत्तरादाखल हवेत क्रुसाची खूण केली. एवढेच. मला या प्रसंगाचे फार वाटते. ज्या धर्माने भीती घातली होती, त्याच धर्माच्या नावाने एका अनोळखी माणसाने जीव धोक्यात घातला होता. आपण धर्मगुरू व्हावे ही इच्छा या प्रसंगातून आली, असे ते पुढे सांगत.

१९४८ मध्ये ते जेझुइट झाले. (जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे ते सेंट झेवियर याच संघाचे.) १९५९ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा, मग बेल्जियममध्ये लूव्हेन येथे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट. १९७२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये 'डिग्निटी' या समलिंगी कॅथलिकांच्या संस्थेची शाखा उभारण्यात त्यांचा हात होता. १९७६ मध्ये वरिष्ठांच्या परवानगीने 'द चर्च अँड द होमोसेक्शुअल' हे पुस्तक आले. बायबलमधल्या सदोम नगरीचे पाप म्हणजे पाहुण्यांशी केलेला दगा, हे त्यातले एक प्रतिपादन. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्या आपल्याला ते पटकन समजावे. दुसरे म्हणजे, जी शिकवण माणसाचे मन आजारी करते ती देवाची असणे शक्य नाही. मी रसायनशास्त्राची. शंभर वेळा प्रयोग करूनही निष्कर्ष सिद्धान्ताशी जुळत नसेल, तर आम्ही चंचुपात्राला पापी ठरवत नाही.

१९७७ मध्ये व्हॅटिकनकडून आदेश आला : या विषयावर जाहीर बोलायचे नाही. मॅकनील नऊ वर्षे गप्प राहिले. त्याच काळात एड्सची साथ आली. १९८६ मध्ये व्हॅटिकनने बिशपांना अधिकच कडक पत्र पाठवले, तेव्हा त्यांनी मौन सोडले आणि १९८७ मध्ये त्यांना संघातून काढले गेले. जवळजवळ चाळीस वर्षांचे घर गेले.

त्यांनी श्रद्धा मात्र सोडली नाही, आणि मला यातच त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. जेझुइट शिकवणीत आपल्या मनातल्या हालचाली पारखून देवाची इच्छा ओळखायची एक रीत आहे. मॅकनील म्हणत, मी तीच वापरली. म्हणजे घरच्याच शिदोरीवर ते पुढे गेले. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केले, पेनसिल्व्हेनियात कर्करिज येथे समलिंगी श्रद्धाळूंची शिबिरे वर्षानुवर्षे घेतली, २००८ मध्ये टोरांटोला आपल्या जोडीदाराशी लग्न केले. २०१५ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले.

चर्चची शिकवण बदलली असे मात्र समजू नका. समलिंगी संबंध आजही तिथे पापच मानले जातात. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात हे आहे, आणि अशा माणसांशी आदराने वागा, हेही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची धर्मगुरूंना मुभा मिळाली. तो विवाह नव्हे.

यावर आपल्यातले काही हिंदू वाचक म्हणतील, आमच्यात असले काही नाही, आमच्यात पोप नाही. खरे आहे. पण आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' आहे, आणि त्याचे फर्मान व्हॅटिकनपेक्षा लवकर पोचते. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. दिवाणखान्यातले न्यायालय अजून चालूच आहे. तिकडे पुण्याला स्थळे पाहणे चालू असते आणि इकडे पोरगा जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसलेला असतो.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले की मुलाला चर्चला जाताना एकटे सोडू नका, बरोबर जा. पालकांसाठी 'पीफ्लॅग' ही संस्था १९७३ पासून आहे. तिच्या बैठकीत नुसते जाऊन बसले तरी चालते.

मॅकनील यांचे पुस्तक मी मंडळाच्या कपाटात खालच्या फळीवर, पाककृतींच्या पुस्तकांशेजारी ठेवले आहे. ते नेताना वहीत नाव लिहायची गरज नाही.