क्रुसेडला धर्मयुद्ध म्हणू नका

क्रुसेडांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : ख्रिस्ती आणि मुसलमान दोनशे वर्षे लढले, कारण हे दोन धर्म एकत्र नांदूच शकत नव्हते. या मताला आधार नाही असे नाही. १०९५ मध्ये पोप दुसऱ्या अर्बनने क्लेरमाँ येथे पहिल्या क्रुसेडची हाक दिली. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडले आणि विजेत्यांनी तेथील मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल केली. १२६८ मध्ये सुलतान बैबर्सने अँटिऑक जिंकले, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांवर तीच पाळी आली. हा रक्तपात कोणीही झाकू नये. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

दोन धर्म लढले म्हणायचे, तर दोन एकसंध फळ्या दाखवाव्या लागतील. त्या कुठे होत्या? क्रुसेडर अँटिऑकला वेढा घालून बसले होते, तेव्हा इजिप्तच्या शिया फातिमी दरबाराचे वकील त्यांच्याच छावणीत बोलणी करत होते. त्याच वर्षी, १०९८ मध्ये, फातिमींनी जेरुसलेम सुन्नी तुर्कांकडून हिसकावून घेतले. ११०८ मध्ये तर अँटिऑकचा क्रुसेडर टँक्रेड आणि अलेप्पोचा मुसलमान अमीर रिदवान एका बाजूला, एडेसाचा क्रुसेडर बाल्डविन आणि तुर्क सरदार जवाली दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. दोन्हीकडे क्रूस, दोन्हीकडे चंद्रकोर! ११४० मध्ये दमास्कसच्या मुसलमान सत्तेने अलेप्पोचा मुसलमान शासक झंगी याच्या भयाने जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याशी तह केला. आठच वर्षांनी दुसऱ्या क्रुसेडने त्याच दमास्कसवर चाल केली आणि एका मित्राला झंगीच्या मुलाच्या, नूरुद्दीनच्या, दारी मदत मागायला लावले.

क्रुसेडरांची तलवार तरी मुसलमानांपुरती होती का? १०९६ मध्ये पूर्वेला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइंझ या शहरांत ज्यूंची कत्तल केली. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडने कॉन्स्टँटिनोपल लुटले. ते ख्रिस्ती साम्राज्याची राजधानी होते, आणि पहिल्या क्रुसेडची ठिणगी पडली ती तेथल्याच एका बादशहाने पश्चिमेकडे मागितलेल्या मदतीतून.

मग दुसरा पक्ष पुढे येतो : धर्म हे निमित्त, खरी भूक जमिनीची आणि लुटीची. हेही मला मान्य नाही. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने पहिल्या क्रुसेडच्या खर्चासाठी आपली अख्खी जहागीर भावाकडे १०,००० मार्कांना गहाण ठेवली. लुटीचा हिशेब करणारा माणूस असे करत नाही. जेरुसलेम जिंकल्यावर बहुतेक जण घरी परतले. राज्य राखायला माणसे कमी पडली. श्रद्धा खरी होती. तिला ढोंग म्हणणारे त्या काळातल्या माणसांना ओळखतच नाहीत.

मग माझे म्हणणे काय? श्रद्धा खरी होती, पण शत्रू कोण हे श्रद्धेने ठरवले नाही. ते पोपने, राजाने, सुलतानाने त्या त्या वेळी ठरवले, आणि सोयीनुसार बदलले. जे माणसे ठरवतात ते माणसांना मोडताही येते. ११८७ मध्ये सुलतान सलाहुद्दीनने ख्रिस्त्यांकडून जेरुसलेम घेतले, तेव्हा १०९९ ची परतफेड तो करू शकत होता. त्याने खंडणी ठरवली : पुरुषाला १० दिनार, स्त्रीला ५. ज्यांना ती देता आली नाही असे हजारो गुलामीत गेले, हेही लपवू नये. पण कत्तल झाली नाही. १२२९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि सुलतान अल्-कामिल यांनी लढाई न करता तह केला : जेरुसलेम, बेथलेहेम आणि नाझरेथ ख्रिस्त्यांकडे, जेरुसलेममधले हरम-अल्-शरीफ हे पवित्र आवार मुसलमानांकडे. दोन्हीकडच्या कट्टरांनी या तहाला शिव्या घातल्या. फ्रेडरिक तर पोपने बहिष्कृत केलेला होता. तरीही दहा वर्षे तह टिकला. दोन धर्मांचे वैर अटळ असते, तर हा तह झालाच नसता.

म्हणून शेवटी शब्दाकडे येतो. आपण क्रुसेडचे भाषांतर सरसकट ‘धर्मयुद्ध’ असे करतो. आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी बांधलेले युद्ध. शस्त्र टाकलेल्यावर, शरण आलेल्यावर त्यात वार होत नाही. १०९९ च्या जेरुसलेममध्ये शस्त्र न धरलेल्या बायका-मुलांवर वार झाले. त्याला धर्मयुद्ध म्हटले की कत्तलीला धर्माची प्रतिष्ठा मिळते आणि दोन्ही धर्मांच्या माथी कायमचे वैर बसते. लेखकांनी आणि शिक्षकांनी ‘क्रुसेड’ हाच शब्द वापरावा. आणि मुलांना १०९९ शिकवाल, तेव्हा त्याच तासाला १२२९ ही शिकवा.